‘मुस्तफा’ नावाचा शिलालेख : एका खेळाची नोंद आपणच का करायला हवी?

#थ्रेड #इतिहास #सोलापूर

१/ इतिहासाची साधने म्हटली की आपल्यासमोर ताम्रपट, बखरी, मोडी कागद आणि गडकोट उभे राहतात. आज ज्या साधनाविषयी लिहीत आहे ते एका नाण्यावर चालत असे. त्याचे नाव ‘मुस्तफा’. चाळिशी गाठलेल्या कोणत्याही सोलापूरकराला हे नाव सांगून पाहा. आधी तो हसेल आणि मग बोलू लागेल. माझे म्हणणे एवढेच की हा खेळ आपल्या सामाजिक इतिहासाचे अस्सल साधन आहे आणि त्याची नोंद घेण्याची मुदत संपत चालली आहे.

२/ या खेळाचे कागदोपत्री नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ साली दुकानांत ठेवण्याच्या मोठ्या मशीनसाठी काढला. ‘स्ट्रीट फायटर टू’ ही याच कंपनीची निर्मिती. फरक असा की स्ट्रीट फायटरमध्ये दोन खेळाडू एकमेकांशी लढतात. मुस्तफात मात्र तीन खेळाडू एकाच वेळी, एकाच बाजूने, गुंडांच्या टोळ्यांशी लढू शकतात. ही ‘एकाच बाजूने’ची गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

३/ खेळाचे मूळ एका अमेरिकन चित्रकथेत आहे. मार्क शुल्ट्झ या चित्रकाराने १९८६ च्या सुमारास ‘झेनोझोइक टेल्स’ या कथांना आरंभ केला. त्यांतूनच ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हे नाव आणि त्याच नावाची कार्टून मालिका निघाली. ती १९९३-९४ मध्ये अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवर दाखवली गेली आणि अवघ्या १३ भागांत आटोपली. मालिका विस्मरणात गेली. खेळ मात्र सातासमुद्रापार येऊन आपल्याकडे रुजला.

४/ कथा अशी : महाउत्पातानंतर मानवजात कित्येक शतके भूगर्भात दडून राहते. बाहेर येते तेव्हा पृथ्वीवर पुन्हा डायनोसॉर संचार करीत असतात. शिकारी टोळ्या त्यांची कत्तल करतात आणि चार नायक त्या प्राण्यांच्या रक्षणासाठी उभे राहतात. म्हणजे हा निसर्गरक्षणाचा खेळ होता! मशीनला चिकटलेल्या आपल्याकडच्या पोरांना याचा गंधही नव्हता. त्यांच्या लेखी पहिल्या बॉसला लोळवणे आणि गाडी मिळते ती स्टेज गाठणे, हेच सारसर्वस्व.

५/ चार पात्रे : जॅक टेनरेक, हॅना डंडी, मुस्तफा कैरो आणि मेस ओब्राडोविच. जॅक सर्व बाबतींत समतोल, हॅना शस्त्रे हाताळण्यात निपुण, मेस धिप्पाड आणि ताकदवान, मुस्तफा सर्वांत चपळ. कथेचा खरा नायक जॅक. त्याचेच चित्र पुढे, त्याचीच कॅडिलॅक गाडी. मुस्तफा हा त्याचा सहकारी. पण भारतातील पोरांनी नायकाला बाजूला सारले आणि साऱ्या खेळाला सहकाऱ्याचे नाव देऊन टाकले.

६/ असे का घडले असावे? मशीनवरचे नाव लांबलचक आणि इंग्रजी. कॅडिलॅक ही मोटार आपल्या रस्त्यांवर कुणी पाहिलेली नव्हती. जॅक, हॅना, मेस ही नावे कानाला परकी. चारांत एकच नाव असे होते की जे वर्गात हजेरीला पुकारले जाई, गल्लीत हाकेला येई. शिवाय त्याची धाव आणि उडती लाथ यांमुळे तो नवख्याच्या हातीही बरा टिकत असे. ओळखीचे नाव आणि चपळ पाय, एवढ्यावर नामकरण झाले.

७/ लोकांनी दिलेले नाव अधिकृत नावावर मात करते, याचे उदाहरण आमच्याच रस्त्यावर आहे. मंद्रूप हे सोलापूर-विजयपूर महामार्गावरील गाव. एका टोकाला सोलापूरचा भुईकोट, ज्यासाठी आदिलशाही आणि निजामशाही पुनःपुन्हा झुंजल्या. दुसऱ्या टोकाला मोहम्मद आदिलशाहाची कबर. त्या वास्तूला त्या सुलतानाच्या नावाने कोण ओळखतो? सर्वांसाठी ती ‘गोल घुमट’. बांधणारा आपल्या कीर्तीसाठी बांधतो. पाहणारा आपल्या डोळ्यांना दिसले ते नाव ठेवतो.

८/ म्हणून ‘मुस्तफा’ हे नाव मी शिलालेखासारखे वाचतो. कोणी कोरले ते ठाऊक नाही, कोणत्या दिवशी कोरले तेही नाही. पण कोरणाऱ्यांचे जग त्यात उमटले आहे. मराठी, कन्नड, दखनी आणि तेलुगू या चारही भाषा कानी पडणाऱ्या सोलापूर जिल्ह्यात हा एक शब्द सर्वांना सारखाच कळत होता. विशेष म्हणजे हेच नाव पाकिस्तानातील पोरांनीही ठेवले. सीमेच्या दोन्ही बाजूंना, एकमेकांना न विचारता.

९/ आता साल पुन्हा पाहा : १९९३. डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी मशीद पाडली गेली; त्या महिन्यात आणि जानेवारीत मुंबई दंगलींत होरपळली; मार्चमध्ये बॉम्बस्फोट झाले. मोठी माणसे आडनाव ऐकून सावध होत होती, त्या दशकात दुकानातल्या मशीनपुढे सर्व जातिधर्मांची पोरे ‘मुस्तफा मी घेणार’ म्हणून भांडत होती.

१०/ यातून सलोख्याची गोड कहाणी रचण्याचा मोह आवरला पाहिजे. पोरांनी ऐक्याचा विचार करून मुस्तफा निवडला नव्हता. तो वेगाने धावत होता म्हणून निवडला. तरीही इतिहासाच्या अभ्यासकाला ही गोष्ट मोलाचीच आहे. द्वेष शिकवावा लागतो, आणि ज्या ठिकाणी तो शिकवला जात नव्हता अशी काही ठिकाणे त्या काळातही होती, याचा हा साधा पुरावा आहे. अरबी भाषेत ‘मुस्तफा’चा अर्थ ‘निवडलेला’ असा होतो, हा निव्वळ योगायोग.

११/ खेळाची रचनाही पाहण्याजोगी. एकाचा डाव चालू असताना दुसरा नाणे टाकून मध्येच सामील होऊ शकतो. पिंप फोडले की कधी खाद्य निघते, कधी बंदूक. खाद्य एकच, खेळाडू तीन. ज्याची पॉवर कमी त्याला खाऊ द्यायचे, की जो आधी पोहोचेल त्याने गिळायचे? हा निर्णय यंत्र करीत नाही, माणसे करतात. ‘तू घे, माझी भरलेली आहे’ हे वाक्य शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी पोराला म्हणावे लागे.

१२/ या दुकानांची स्वतःची भाषा होती. कॉइन, लाइफ, पॉवर, स्टेज, बॉस हे शब्द इंग्रजीच्या पुस्तकातून आलेले नाहीत. मशीनपुढे उभे राहून ते मराठीत आणि कन्नडात शिरले. ‘एका कॉइनात गेम संपवला’ ही त्या जगातील सर्वोच्च पदवी. पैसे संपलेली पोरे मागे उभी राहून सल्ला देत. असा न खेळता तज्ज्ञ झालेला प्रेक्षक कुस्तीच्या फडात असतो, तसाच इथेही होता.

१३/ पण याच दुकानांत मुली जवळजवळ नसत, हे लिहिल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. पडद्यावर हॅना बंदूक चालवीत होती. तिचे बटण दाबणारे हात बहुधा मुलांचेच. अंधारी खोली, दारात रेंगाळणारी मोठी पोरे, तंबाखूचा वास यांमुळे घरच्यांनी मुलींना तिकडे फिरकू दिले नाही. ‘आमच्या पिढीचे बालपण’ असे म्हणताना त्या पिढीतील निम्मी पोरे उंबऱ्याबाहेर होती, हे ध्यानात ठेवावे.

१४/ ही मशीन चालत कशी? आत एक मोठा सर्किट बोर्ड असे आणि तोच म्हणजे खेळ. कॅपकॉमचा मूळ बोर्ड महाग. त्यामुळे जगभर नकली बोर्ड बनले. जुन्या मशीनचे खेळ संगणकावर चालवणाऱ्या ‘मेम’ या प्रणालीच्या यादीत याच खेळाच्या अनेक नकली आवृत्त्या नोंदलेल्या आहेत. अस्सल बोर्डाची तर वेगळीच शोकांतिका. त्यातील ध्वनी सांभाळणाऱ्या चिपची संकेत-किल्ली एका छोट्या बॅटरीवर तग धरून असते. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि बोर्ड धड चालत नाही.

१५/ म्हणजे अस्सल दस्तऐवज काळाच्या ओघात आपोआप कोरा होणारा, आणि टिकण्याची शक्यता नकलेलाच अधिक. मूळ पत्र हरवून त्याची नक्कल उरणे मोडी वाचणाऱ्यांना नवे नाही. तिथे आपण नक्कल म्हणून ती फेकून देत नाही. ती कोणी केली, कधी केली आणि काय बदलले, हे तपासतो. नकली बोर्डांनाही हाच न्याय लावायला हवा.

१६/ सरकारी कागदांत हा इतिहास सापडतो का? सापडतो, पण दोनच खिडक्यांतून. पहिली करमणूक शुल्काची. महाराष्ट्रात सिनेमाप्रमाणे व्हिडिओ गेमही मुंबई करमणूक शुल्क कायद्याच्या कक्षेत होते आणि जिल्हाधिकारी कार्यालयाची करमणूक शाखा त्याचा हिशेब ठेवी. २०१७ मध्ये वस्तू आणि सेवा कर आला आणि राज्याचा हा जुना कर त्यात विलीन झाला. त्या शाखांच्या जुन्या फाइलींचे काय होते, याकडे लक्ष ठेवणारे कोणी हवे.

१७/ दुसरी खिडकी पोलीस परवान्याची. भीमेपलीकडच्या कर्नाटकातील एक खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला : एम. जे. शिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य, १९९५. व्हिडिओ गेमच्या दुकानांना परवान्याचे बंधन घालणे घटनेला धरून आहे का, हा प्रश्न होता. सार्वजनिक हितासाठी असे नियमन वाजवी आहे, असा निकाल लागला. मुस्तफाचा बहर असतानाच त्या दुकानांची चर्चा देशाच्या सर्वोच्च न्यायपीठापुढे जुगार आणि शिस्त या शब्दांत चालली होती.

१८/ इथे सावध व्हायला हवे. १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्यानंतर इंग्रज सरकारने नाटकांवर नजर ठेवली. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’वर १९१० मध्ये बंदी आली. त्या रंगभूमीचा इतिहास केवळ बंदीच्या फाइलींवरून लिहिला असता तर प्रेक्षक म्हणजे निव्वळ संशयित जमाव उरला असता. नाट्यवेड्यांनी आठवणी, जाहिराती, परीक्षणे जपली म्हणून आपण वाचलो. मुस्तफाच्या प्रेक्षकाची आठवण लिहिणारा अजून पुढे आलेला नाही.

१९/ मग खेळ बनवणारी कंपनी तो जपेल? २०१८ मध्ये कॅपकॉमने आपल्या अशा सात मारामारीच्या खेळांचा संच नव्याने विक्रीस आणला. त्यात ‘फायनल फाइट’ आहे, ‘कॅप्टन कमांडो’ आहे, मुस्तफा नाही. कारण तो उसन्या हक्कांवर उभा आहे. चित्रकथा एकाची, कॅडिलॅक हे व्यापारचिन्ह जनरल मोटर्सचे, खेळ कॅपकॉमचा. मशीनमधला हा खेळ घरच्या कोणत्याही गेम-यंत्रासाठी कधीच अधिकृतपणे निघाला नाही.

२०/ परिणाम असा की आज भारतात जो कोणी मुस्तफा खेळतो तो जवळपास नेहमीच चोरट्या प्रतीवर खेळतो. १९९७ मध्ये ‘मेम’ प्रणाली आली. पुढे सायबर कॅफेतील संगणकांवर, गल्लीतल्या सीडींवर आणि आता मोबाइलवर हा खेळ फिरत राहिला. चोरीचे समर्थन मी करीत नाही. पण जतनाचे काम हक्कदारांनी सोडले आणि बेकायदा प्रती फिरवणाऱ्यांनी केले, ही वस्तुस्थिती इतिहासकाराला झाकता येणार नाही.

२१/ ही एकट्या मुस्तफाची कथा नाही. अमेरिकेतील ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत तिथे प्रकाशित झालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात अधिकृतपणे मिळतच नाहीत, असे आढळले. नव्या खेळांचे आयुष्य तर याहून तोकडे. कार्टून पात्रांना एकमेकांशी झुंजवणाऱ्या ‘मल्टीव्हर्सस’चे ऑनलाइन सर्व्हर ३० मे २०२५ रोजी बंद झाले आणि दूरदूरच्या खेळाडूंची ती जत्रा एका दिवसात उठली.

२२/ आपण हे आधीही भोगले आहे. भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’, १९३१. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. फाळक्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’चीही पूर्ण प्रत हाती नाही, काही रिळेच उरली. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले १९६४ मध्ये, म्हणजे फाळक्यांनंतर अर्धशतकाने. तोवर सिनेमा ही ‘सवंग करमणूक’ होती. तिचे जतन कशाला करायचे, असेच पुष्कळांना वाटे.

२३/ आक्षेप पहिला : परदेशी खेळ, तो आपला इतिहास कसा? मिरची पोर्तुगीजांबरोबर आली, पेटी युरोपातून आली. आज मिरचीवाचून खर्डा नाही आणि पेटीवाचून नाट्यसंगीत नाही. वस्तू कुठे जन्मली याइतकेच तिचे इथे काय झाले, हेही इतिहासात पाहावे लागते. या खेळाचे इथे नव्याने नामकरण झाले. आपण ज्याला नाव ठेवतो, त्याचे काही उत्तरदायित्व आपल्यावर येते.

२४/ आक्षेप दुसरा : पोरे शाळा बुडवीत, घरातले सुटे पैसे उचलीत, मोठी पोरे लहानांना मशीनवरून ढकलून देत, याचे कौतुक काय करायचे? हा आक्षेप खरा आहे आणि म्हणूनच नोंद हवी. इतिहास म्हणजे गौरवग्रंथ नव्हे. आईने कान धरून दुकानातून ओढत नेलेला मुलगा आणि त्याची आई, या दोघांच्याही साक्षी लिहून घेतल्या तरच चित्र पुरे होईल.

२५/ हे काम कोणी करायचे? दक्षिण सोलापूर तालुक्यातच, भीमा-सीना संगमावर, हत्तरसंग कुडल आहे. तिथल्या शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ च्या लेखात, जो हे वाचील तो विजयी होईल अशा अर्थाची मराठी ओळ आहे. मराठीच्या अगदी प्राचीन लेखांत तिची गणना होते. ती उजेडात आणली सोलापूरच्या आनंद कुंभार यांनी. शिलालेखांच्या ओढीने गावोगाव हिंडलेला हा माणूस होता. एखाद्या मोठ्या संस्थेची वाट पाहत तो बसला नाही.

२६/ त्यांनी दगड वाचले. आपल्याला माणसे वाचायची आहेत, आणि माणसे दगडाइतकी टिकत नाहीत. १९९५ मध्ये बारा वर्षांचा असलेला मुलगा आज चाळिशी ओलांडून गेला आहे. दुकान चालवणारा साठी-सत्तरीत असेल. मशीनचे लाकूड केव्हाच जळणात गेले, पडदे भंगारात. उरल्या आहेत त्या आठवणी, आणि त्यांची बॅटरीही सावकाश उतरत आहे.

२७/ करायचे काय, ते अगदी साधे. आपल्या गावातल्या, मग ते मंद्रूप असो, अक्कलकोट असो वा इंडी, कोणाही एका माणसाला विचारा : मशीन कुठे होते? कोणी आणले, कुठून? एका कॉइनला किती पैसे? दुरुस्ती कोण करी? कोणत्या भाषेत भांडणे होत? सिद्धेश्वरांच्या गड्ड्यावर असे खेळ पाहिले का? बहिणीला कधी खेळू दिले का? दुकान कधी आणि का बंद पडले?

२८/ उत्तर मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा, बोलणाऱ्याची परवानगी घ्या, तारीख आणि गाव नोंदवा. तो कन्नडात किंवा दखनीत बोलला तर तसेच राहू द्या. त्याचे शब्द ‘शुद्ध’ करू नका. जुना फोटो, परवान्याचा कागद, दुकानाची पाटी हाती लागली तर तिचे छायाचित्र घ्या आणि मूळ वस्तू मालकापाशीच ठेवा. गडावर जाताना जी शिस्त आपण पाळतो, तीच इथेही.

२९/ कॅपकॉमला मंद्रूप ठाऊक नाही. करमणूक शाखेला फक्त शुल्क ठाऊक होते, न्यायालयाला फक्त परवाना. मशीनपुढे तीन अनोळखी पोरे खांद्याला खांदा लावून एकाच बाजूने लढत होती, हे ठाऊक आहे ते केवळ त्या तिघांना. त्या तिघांपैकी एकाला तरी तुम्ही ओळखता. बहुधा तो तुमच्या घरातच आहे.

३०/ थ्रेड इथे संपवतो. आपल्या वडिलांची, काकांची, मामांची आणि दुकानाबाहेरूनच परत फिरलेल्या मावशीची आठवण विचारून खाली लिहा. गावाचे नाव आणि अंदाजे साल मात्र अवश्य द्या. त्यावाचून आठवण ही केवळ आठवण राहते, साधन होत नाही.